एकसष्टावी

मंडईत मटार निवडताना खिशातला मोबाईल थरथरला. उजव्या हातात शेंगा होत्या म्हणून डाव्या हाताने काढला. केंद्रप्रमुखांनी ग्रुपवर यादी टाकली होती. रविवारी, सकाळी साडेआठ वाजता. आमच्या खात्याला एरवी जाग येत नाही, आली की रविवारीच येते. चालू वर्षाची संचमान्यता होती ती, म्हणजे कोणत्या शाळेत किती मुलं धरली आणि त्या मुलांच्या मानाने सरकार किती शिक्षक देणार त्याचा कागद. आमच्या शाळेचं नाव सतराव्या पानावर होतं. ग्राह्य पट साठ. मंजूर शिक्षक दोन. अतिरिक्त एक. मी चष्मा कपाळावर सरकवून, मोबाईल नाकाशी आणून पुन्हा पाहिलं. साठच. एकसष्ट असते तर तीन शिक्षक राहिले असते, आणि मी एकसष्ट दाखवले होते. स्वतः दाखवले होते, एकेक करून. हातातली शेंग दाबली गेली, फुटली आणि दाणे ढिगाऱ्यात घरंगळले. ‘‘घ्यायचेत का नुसते कुरवाळायचेत?’’ वेणूबाई म्हणाल्या. गेली वीस वर्षं मी त्यांच्याकडून भाजी घेतो आणि गेली वीस वर्षं त्या माझ्याशी असंच बोलतात. मी अर्धा किलो म्हणालो. त्यांनी तोलून दिले, मी पैसे दिले, सुटे परत घेतले. माणूस आतून खचला तरी सुटे परत घ्यायला विसरत नाही.

मटार घेऊन मी घरी जायला हवं होतं. मटारभाताचा बेत होता आणि बायकोने दोनदा बजावून पाठवलं होतं. पण पाय आपोआप सदाशिव पेठेत, शाळेकडे वळले. किल्ली माझ्याकडेच असते. शाळेची किल्ली, कपाटाची किल्ली आणि खात्याच्या पोर्टलचा पासवर्ड या तिन्ही गोष्टी नऊ वर्षं माझ्याकडे आहेत, आणि त्यातली तिसरी हातात आल्यापासून माझं शिकवणं कमी कमी होत गेलं, हे मी कुणाला सांगत नाही. मला मराठी टायपिंग येत होतं, एवढाच अपराध. ‘‘यज्ञेश्वर करतील,’’ असं आमच्या मुख्याध्यापिका, मोठ्या बाई, एकदा म्हणाल्या आणि यज्ञेश्वर करत राहिले. मुलांची वजनं, उंच्या, आईबापांची नावं, आधारचे आकडे, शौचालयांचे दरवाजे, नळ, वर्गांतले फळे, जात, धर्म, चष्मा आहे की नाही, घर शाळेपासून किती लांब. वर्गात मुलं पाढे म्हणत असायची आणि मी कोपऱ्यातल्या टेबलाशी रकाने भरत बसलेला असायचो. मध्येच एखादं पोर काहीतरी विचारायला यायचं. मी मान वर न करता ‘‘थांब जरा’’ म्हणायचो. ते थांबायचं आणि थोड्या वेळाने आपलं आपण परत जायचं. असं किती मुलांना थांबवलं कोण जाणे. ते मात्र कोणत्याच रकान्यात भरावं लागत नाही.

शाळा तशी जुनी आणि नावाजलेली, म्हणजे नावाजलेली होती. मी लागलो तेव्हा प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या होत्या आणि प्रवेशाला रांग लागायची. मग पेठेतली घरं कोथरूडला, बाणेरला गेली, उरलेल्यांची मुलं इंग्रजीत गेली. आता आमच्याकडे येतात ती वॉचमनची, पोळ्या लाटणाऱ्या बायकांची, यवतमाळ-वाशीमकडून पोट भरायला आलेल्यांची मुलं. पहिली ते चौथी, चार वर्ग आणि शिक्षक तीन. मोठ्या बाई, म्हणजे कुसुमताई, चौथी घेतात. तिसरी माझ्याकडे. पहिली आणि दुसरी भाग्यश्रीबाईंकडे. पुस्तकं, खिचडीचा तांदूळ, शाळेचं अनुदान, शिक्षक, सगळं पटावर ठरतं, आणि पट ठरतो तीस सप्टेंबरला. त्या दिवशी जे मूल पोर्टलवर तुमच्या नावाखाली असेल आणि ज्याचं आधार जुळत असेल ते तुमचं. आता गोम अशी, की जून ते सप्टेंबर याच दिवसांत गरीब मुलांच्या शाळा बदलतात, कारण आईबापांच्या खोल्या बदलतात. नव्या शाळेने पोर्टलवर मूल मागायचं आणि जुन्या शाळेने सोडायचं, अशी रीत. तीस सप्टेंबरपर्यंत कुणी कुणाला सोडायचं नाही, ही त्याहून पक्की रीत. ती कुठे लिहिलेली नाही, सगळ्यांना पाठ आहे. आमची तीन मुलंही दुसऱ्या शाळांनी अशीच धरून ठेवली होती. तेव्हा मी चरफडलो होतो, मोठ्या बाईंसमोर ‘‘लाज नाही यांना’’ असंही म्हणालो होतो. बाई म्हणाल्या होत्या, ‘‘लाज आपल्यालाही परवडणार नाहीये यंदा. मोजून एकसष्ट आहेत.’’

बंद शाळेला रविवारी एक वास येतो. ओल्या फडक्याचा, खडूचा आणि शनिवारी सांडलेल्या वरणाचा. मी खिडकी उघडली नाही. कॉम्प्युटर सुरू व्हायला वेळ घेतो, तेवढ्यात मी मटारची पिशवी टेबलावर ठेवली, काढून खुर्चीवर ठेवली, पुन्हा टेबलावर ठेवली. एकसष्ट जणांतून एक गळलं होतं. ते कुणीही असू शकत होतं. पहिलीतली जुळी असू शकत होती, ज्यांचे बोटांचे ठसे एकमेकांच्या नावावर गेले होते. चौथीतला एखादा दांडगा पोरगा असू शकत होता. तेव्हा मी मनात काय म्हणत होतो ते स्वच्छ सांगतो. मी म्हणत होतो, कुणीही चालेल, फक्त ती नको.

ती, म्हणजे मुक्ताई. दिग्रसकडची. डावखुरी, त्यामुळे बाकाच्या अगदी डाव्या टोकाला बसायची, कोपर कुणाला लागू नये म्हणून. तिला तसं कुणी सांगितलं नव्हतं. तिचा बाप संतोष खडकीच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे माल उतरवायच्या कामाला. आधी ही मंडळी पेठेतच एका इमारतीच्या पार्किंगमधल्या खोलीत राहायची, वॉचमनगिरीच्या बदल्यात. जुलैच्या पहिल्या आठवड्यात संतोष शाळेत आला तो हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला कागद घेऊन. मुलीचा जन्मदाखला. गावी जाऊन, ग्रामपंचायतीत दोन दिवस बसून आणला होता. आधारवर तिची तारीख एक जानेवारी होती. कॅम्प लावून कार्डं काढतात तिथे ज्याला तारीख सांगता येत नाही त्याला एक जानेवारी देतात, तशी. आणि आम्हीही पोर्टलवर तीच टाकली होती. ‘‘सर, खरी तारीख हे हाय जी,’’ संतोष म्हणाला, ‘‘बैलाईचा पोया झाला न, त्याच्या दुसऱ्या दिवशीची.’’ त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी त्याच्यासमोरच पोर्टल उघडलं, एक जानेवारी खोडली आणि खरी तारीख घातली. त्याने वाकून पडद्याकडे पाहिलं. त्याला वाचता येत असावं, कारण आकडे त्याने ओठांतल्या ओठांत म्हटले. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. कितीतरी महिन्यांत पोर्टलवर मी केलेली ती पहिली खरी गोष्ट होती.

पंधरा दिवसांनी त्यांनी खोली सोडली आणि ते खडकीला गेले. आठवड्याभरात खडकीच्या एका शाळेची मागणी पोर्टलवर आली. मुक्ताई, इयत्ता तिसरी, सोडावी. खाली दोन बटणं असतात, मंजूर आणि नामंजूर. नामंजूर दाबलं की कारण विचारतात. कारणंही तयारच असतात, आपण फक्त बोट ठेवायचं. मी ‘विद्यार्थी याच शाळेत नियमित शिकत आहे’ यावर बोट ठेवलं. मग ते खरं करून दाखवणं भाग पडलं. हजेरीपटावर तिच्या नावापुढे रोज खूण केली, मुलं घरी गेल्यावर, पंख्याखाली बसून. रोज हजर असणारं मूल तपासणीत डोळ्यांत भरतं, म्हणून ऑगस्टमध्ये तिला दोन दिवस ताप आणला. घटक चाचणीत मार्क दिले. किती द्यावेत याचा विचार करत बसलो आणि गणितात वीसपैकी सोळा दिले, कारण हातचा घ्यायला ती विसरायची. हे करताना मला काय वाटत होतं? काही वाटत नव्हतं असं लिहायला आवडलं असतं. पण मला गंमत वाटत होती. वर्गात नसलेल्या मुलीकडे मी असलेल्यांपेक्षा जास्त लक्ष देत होतो.

संतोष तीनदा आला. कामावर खाडा करून, खडकीहून बसने. तिकडच्या मॅडम म्हणतात की जुन्या शाळेतून नाव सुटलं नाही. पहिल्यांदा मी म्हणालो, पोर्टल बंद आहे, आठ दिवसांनी या. दुसऱ्यांदा म्हणालो, सर्व्हर स्लो आहे. तिसऱ्यांदा काय सांगावं हे सुचेना, तर त्यानेच विचारलं, ‘‘अजून बंदच हाय का जी?’’ आणि मी मान हलवली. जाताना तो म्हणाला, ‘‘तुमाले उगाच तरास देऊन राह्यलो सर.’’ तिकडच्या मुख्याध्यापिकेचा फोन आला तेव्हा मात्र पोर्टल चालू असल्याचं तिला माहीत होतं. ती म्हणाली, ‘‘सर, मुलगी माझ्यासमोर बसलीये आणि तुम्ही लिहिता ती तुमच्याकडे येते?’’ मी म्हणालो, ‘‘मॅडम, तीसनंतर बघू. तुम्हीही काय कमी आहात का?’’ त्यावर तिने फोन ठेवला. म्हणजे तिनेही कुणाला तरी धरून ठेवलं असणार. एक ऑक्टोबरला सकाळी, प्रार्थनेच्या आधी मी मुक्ताईला सोडलं. पोर्टलवर अशी एक यादी असते, जुन्या शाळेने सोडलेल्या आणि नव्या शाळेने अजून न उचललेल्या मुलांची. तिचं नाव त्या यादीत गेलं. दुसऱ्या दिवशी मी पाहिलं, तिथेच होतं. आठवड्याने पाहिलं, तिथेच होतं. दिवाळीच्या सुटीनंतर मी पाहायचं बंद केलं.

कॉम्प्युटर सुरू झाला. तीस सप्टेंबरच्या आमच्या मुलांची यादी उतरवून घेतली आणि शेवटच्या रकान्यात खाली खाली गेलो. वैध, वैध, वैध. अठ्ठेचाळीस नंबरला अवैध. मुक्ताई. कारण, जन्मतारीख जुळत नाही. पोर्टलवर खरी तारीख होती, आधारवर अजून एक जानेवारीच. मी खुर्चीत मागे टेकलो. जुलैमध्ये तारीख बदलली त्याच दिवशी तिचं आधार अवैध झालं होतं आणि नंतर ते तपासायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, कारण जूनमध्ये तिच्या नावापुढे हिरवी, वैधची खूण दिसली होती. म्हणजे मी तिला धरून ठेवलं त्या दिवसापासून ती मोजलीच जात नव्हती. अडीच महिने मी जिच्या नावापुढे खुणा केल्या, जिला ताप आणला, जिच्या बापाला तीनदा परत पाठवलं, ती सरकारच्या लेखी नव्हतीच. सोडली असती तरी साठ आणि धरली तरी साठ. एकदम हसू आलं. एकटाच हसलो, मोठ्याने, आणि रिकाम्या वर्गात तो आवाज इतका ओंगळ वाटला की मी तोंडावर हात ठेवला.

‘‘सर?’’ दारात भाग्यश्रीबाई उभ्या होत्या. त्या दोन गल्ल्या सोडून कॉट बेसिसवर राहतात. दार उघडं दिसलं म्हणून आल्या असाव्यात, किंवा माझ्यासारखेच त्यांचेही पाय वळले असतील. एकतीस वर्षांच्या आहेत. अतिरिक्त म्हणजे त्याच, सगळ्यात नंतर लागलेल्या. त्यांनी मोबाईल वर धरला. ‘‘दोनच पोस्ट दिसतायत. बरोबर वाचलंय ना मी?’’ मी हो म्हणालो. त्या बाकावर बसल्या, पहिलीच्या, गुडघे छातीशी आले तरी. रडतील असं वाटलं. रडल्या नाहीत. म्हणाल्या, ‘‘एकसष्ट होते ना पण आपले? तुम्हीच म्हणाला होतात, काळजी करू नका.’’ मग मी सांगितलं. का सांगितलं माहीत नाही. त्यांनी निदान माझे आभार मानावेत अशी काहीतरी क्षुद्र आशा असणार. मी तुमच्यासाठी काय काय केलं ते बघा, जमलं नाही ही गोष्ट वेगळी, असा माझा सूर होता.

‘‘मुक्ताई तर खडकीला गेली ना?’’ त्या म्हणाल्या.

‘‘गेली. पोर्टलवरून मी जाऊ दिली नव्हती.’’

‘‘मग तिकडे शाळेत जाते ती?’’

‘‘माहीत नाही.’’

‘‘माहीत नाही?’’ त्या म्हणाल्या. ‘‘सर, हे माझ्यासाठी केलंत तुम्ही?’’

‘‘हो.’’

‘‘मला विचारलंत?’’ आवाज चढला नव्हता, ते जास्त लागलं. ‘‘मला अतिरिक्त केलं तर घरी नाही बसवणार. कुठल्यातरी शाळेत टाकतील. जुन्नरला, वेल्ह्याला, फार तर सहा महिने लटकवतील. मी जाईन. एसटी असते तिथे. तिला कुठे टाकलंत तुम्ही?’’

मी काहीतरी म्हणालो. सगळेच करतात असं काहीतरी. त्या उठल्या, ओढणी सारखी केली आणि म्हणाल्या, ‘‘खरं सांगू का? माझ्यासाठी नाही केलंत. दोघांत चार वर्ग घ्यावे लागले असते तुम्हाला.’’ आणि निघून गेल्या. बाई तशा मितभाषी आहेत. त्या बोलल्या ते खरं होतं, पण पुरतं नव्हतं. पुरतं असं, की जूनमध्ये मोठ्या बाई निवृत्त होणार, तिसरी बाई नसली तर पट आणखी खाली येऊन शाळाच बंद पडणार, आणि मग अतिरिक्त ठरणार तो मी. चोपन्नाव्या वर्षी मला एसटीने कुठेही जायचं नव्हतं. मला याच खुर्चीत, याच पंख्याखाली, बायकोने दिलेला डबा खाऊन निवृत्त व्हायचं होतं. एवढ्यासाठी. हे मी ऑगस्टमध्येच ओळखून होतो, फक्त भाग्यश्रीबाईंचं नाव पुढे केलं की स्वतःशी बोलणं सोपं जायचं. स्वतःची इतकी किळस मला आयुष्यात कधी आली नव्हती. आश्चर्य म्हणजे त्या किळसेतही मी कॉम्प्युटर नीट बंद केला, पंख्याचं बटण पाहिलं, कुलूप दोनदा ओढून बघितलं.

घराखाली लावलेली स्कूटर काढली, वर गेलोच नाही. संगमपुलावर ऊन चांगलंच वर आलं होतं आणि नदीचा वास येत होता. वाकडेवाडीपासून पुढे मी फार सावकाश चालवत होतो, मागचे हॉर्न वाजवत होते. पोचू नये असंच वाटत होतं. मनात वाक्यं जुळवत होतो. संतोषला सांगायचं, उद्या सोमवार आहे, मी स्वतः तिकडच्या मॅडमना फोन करतो, उद्याच्या उद्या नाव घेतील, तीन महिने राहिलेत, तिसरीचं काही एवढं अवघड नसतं, मी पुस्तकं देतो, वाटल्यास रविवारी येऊन शिकवतो. रविवारी येऊन शिकवतो हे वाक्य मला इतकं आवडलं की खडकी बाजारापर्यंत मी तेच घोळवत होतो. त्या वाक्यात मी बरा दिसत होतो. मुळात ती तिथे असेल का, हे मात्र मी पाहत नव्हतो. स्टेशनच्या मागे कोंडीरामचं किराणा दुकान, त्याच्या वरची खोली, एवढा पत्ता संतोषने जुलैत दिला होता. लोखंडी जिना होता. जिन्यावर कुणाचे तरी बूट वाळत घातले होते. मी मटारची पिशवी हातातच घेऊन वर चढलो, स्कूटरला अडकवून ठेवायची राहून गेली होती.

संतोष दारातच बसून स्टोव्हची पिन करत होता. मला पाहिलं आणि धडपडत उठला, हात लुंगीला पुसले. ‘‘सर? तुमी? इकडे?’’ मग आत वळून, ‘‘मुक्ते, पाह्य कोन आलं! काकूकडची खुर्ची आन आधी.’’ ती आतून आली. कडेवर तीन-चार महिन्यांचं मूल होतं. माझ्याकडे एकदा बघितलं, ओळख दाखवली नाही, मुलासकट शेजारच्या खोलीत गेली आणि एका हाताने लाल प्लॅस्टिकची खुर्ची ओढत घेऊन आली. उंच झाली होती. मी बसलो. संतोष खालीच बसला, कितीही म्हटलं तरी. त्याची बायको रविवारीही हाउसकीपिंगच्या कामाला जाते, असं त्याने सांगितलं. चहा टाकला. स्टोव्ह भडकत होता, तो त्याने दोनदा विझवून पेटवला. भिंतीवर कॅलेंडर होतं, त्याच्याकडे पाहत राहिलो.

‘‘शाळेत जाते का ही?’’ शेवटी मी विचारलं.

‘‘नाही जी,’’ संतोष म्हणाला. चहा गाळताना त्याची पाठ माझ्याकडे होती. ‘‘तुमी लय प्रयत्न केला सर, पन थे पोर्टल काही सुरू झालं नाही टायमावर. तिथल्या मॅडम चांगल्या व्हत्या, दोन महिने बसू देल्लं. मंग आक्टोबरात निरोप आला का नाव सुटलं म्हनून, कागद घेऊन या. पन हे पोट्टीच नाही म्हने. जातच नाही. मारलं बी मी एकडाव.’’ कप माझ्या हातात देताना तो ओशाळा हसला. ‘‘मंगळवारी गावाले नेऊन सोडतो. तिच्या आजीले दिसत नाही आता, हिचा हात होईन.’’

‘‘तिथे शाळा आहे ना?’’

‘‘हाय जी. जाईन तर जाईन.’’

मी मुक्ताईकडे वळलो. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, भावाला थोपटत. माझ्याकडे वाक्यं तयार होती, ती सगळी एकदम बेचव झाली. ‘‘का गं जात नाहीस?’’ मी विचारलं. मास्तर विचारतात तसंच विचारलं, दुसरं येतच नाही. ‘‘सांग ना सरले,’’ बाप म्हणाला.

‘‘तिथं हजेरीत माहं नाव नाही घेत,’’ ती म्हणाली. ‘‘सगळ्याईचं घेते. मॅडम म्हने तुझं नाव तिकडल्या शाळेत हाय, तू तिथं हजर हायस. मी मनातच म्हनो हजर. सगळ्यात शेवटी. मंग एक दिवस जोरात निघालं तोंडातून, तं पोट्टे हासले. म्हने हे तं भूत हाय.’’

संतोष हसला, पोरांच्या गोष्टीला हसतात तसा, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, ‘‘लहान हाय जी. तिले काय समजते पोर्टलचं.’’ चहाचा कप हातात नुसता धरला होता, पोळत होता तरी धरला होता. वाटलं, गप्प बसावं. चहा प्यावा, मटार या पोरीच्या हातात द्यावेत, तिच्या डोक्यावरून हात फिरवावा आणि निघावं. या घरात माझ्याबद्दल एकही वाईट शब्द नव्हता. मी आजवर जिथे जिथे गप्प बसलो तिथे तिथे असंच सोयीचं होतं सगळं.

‘‘पोर्टल बंद नव्हतं,’’ मी म्हणालो. ‘‘कधीच बंद नव्हतं.’’

‘‘मंग स्लो असन जी,’’ संतोष म्हणाला.

‘‘नाही. मी हिचं नाव अडवून ठेवलं. आमच्याकडे एक मूल कमी पडत होतं म्हणून. ती आमच्याच शाळेत येते असं मी लिहून दिलं. तुम्ही आलात तेव्हाही पोर्टल चालू होतं. तीनही वेळा. मी मुद्दाम केलं, संतोष.’’

तो ऐकत होता. मला वाटलं त्याला कळलं नाही, म्हणून पुन्हा सांगायला तोंड उघडलं, तर त्याने हात वर केला, थोडासाच, थांबा म्हणावं तसा. मग मुलीकडे पाहिलं. तिच्याकडेच पाहत होता, आणि त्याचा चेहरा हळूहळू असा झाला की मी नजर वळवली. मारलं बी मी एकडाव, असं तो मघाशी म्हणाला होता. तो ओरडला असता, शिवी दिली असती, अंगावर धावून आला असता तर मी मनापासून ते झेललं असतं. कदाचित त्यासाठीच आलो होतो. खाली कोंडीरामच्या दुकानात कुणीतरी रेडिओ लावला. संतोषने पुढे होऊन माझ्या हातातला कप घेतला. भरलेलाच होता. तो त्याने मोरीत ओतला आणि उपडा ठेवला.

‘‘मुक्ते,’’ तो म्हणाला, माझ्याकडे न बघता, ‘‘काकूची खुर्ची देऊन ये.’’

मी अजून खुर्चीतच होतो. तिने भावाला गोधडीवर ठेवलं आणि माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. घाई केली नाही. मी उठलो. तिने खुर्ची उचलली आणि बाहेर गेली.